ट्रेलर थंडीसाठी बंद करताना प्रोपेनचं काय करायचं

थंडीत सिलिंडरमधला प्रोपेन गोठतो का? नाही, गोठत नाही. इथे मिशिगनमध्ये मंडळातल्या ओळखीच्यांनी ट्रेलरबद्दल, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराबद्दल, सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तर आधी देतो. प्रोपेन उकळतो उणे ४२ अंश सेल्सियसला. म्हणजे मिशिगनच्या अगदी कडाक्याच्या रात्रीसुद्धा सिलिंडरमधल्या द्रवाची वाफ होतच असते. फक्त दाब उतरतो: ७० फॅरनहाइटला सिलिंडरच्या आत साधारण ११० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतात, शून्य फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सियसला, जेमतेम २४.

आपल्या मनात गोठण्याची भीती येते ती भारतातल्या सिलिंडरमुळे. घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशालाच वाफ व्हायचा थांबतो. म्हणून लेहला हिवाळ्यात सिलिंडर जड लागतो, पण शेगडी मात्र मिणमिणते. इथे मिळणारा गॅस एचडी-५ दर्जाचा, किमान ९० टक्के प्रोपेन. तो सहा महिने पडून राहिला काय आणि सहा वर्षं राहिला काय, नासत नाही.

थंडीच्या सहा महिन्यांत बिघडतं ते गॅसच्या भोवतालचं सगळं. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जाते, नळीचं रबर तडकतं, बर्नरमध्ये कोळी घर करतात, गॅसची गळती कळवणारा डिटेक्टर बॅटरी पिऊन टाकतो. आणि घरचा सिलिंडर स्वयंपाकघरात ठेवायची आपली सवय आपल्याला सिलिंडर उचलून तळघरात न्यायला लावते. या सगळ्यात ती सवय सर्वांत धोकादायक आहे. गेल्या हिवाळ्यात, ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५, हे काम पहिल्यांदाच सगळं घरी केलं. त्याचा क्रम, खर्च आणि अडलेल्या जागा लिहून ठेवतो.

गाडीची माहिती आधी, म्हणजे तुमच्याशी ताडून पाहता येईल. २०१३चा २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, सेकंडहँड घेतलेला. पुढच्या दांड्यावर २० पौंडाचे दोन स्टीलचे सिलिंडर, मध्ये आपोआप बाजू बदलणारा दोन टप्प्यांचा रेग्युलेटर. आत तीन बर्नरची शेगडी, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा फ्रीज, ६ गॅलनचा गीझर आणि ३०,००० बीटीयूची (हे उष्णतेचं एकक) फर्नेस, म्हणजे गरम हवेचा हीटर. तुमच्याकडे मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारं घर, असेल तर टाकी बहुधा चॅसिसला कायमची जोडलेली असते. ती काढता येत नाही आणि सिलिंडरसारखी तिची ठरावीक वर्षांनी तपासणीही लागत नाही. मुख्य व्हॉल्व्ह घट्ट बंद करून ती जागेवरच ठेवायची. बाकीचं सगळं सारखंच.

१२ ऑक्टोबर, दसरा. मोसमातला शेवटचा मुक्काम. इथल्या बऱ्याच स्टेट पार्कमध्ये ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमाराला नळांचं पाणी बंद करतात, त्यामुळे तारीख आपसूकच ठरते. या मुक्कामात प्रोपेनच्या दृष्टीने दोन कामं करून घ्यावीत. पहिलं, जो सिलिंडर आधीच अर्धा झालाय त्याच्याकडे रेग्युलेटरचा खटका वळवायचा. खटका ज्या बाजूला, तो सिलिंडर आधी संपतो. तो संपला की रेग्युलेटर दुसऱ्याकडे जातो आणि त्याच्या छोट्या खिडकीतली खूण हिरव्याची लाल होते. दोन्ही अर्धे ठेवण्यापेक्षा एक रिकामा आणि एक भरलेला असणं भरायला आणि मोजायला सोपं.

दुसरं काम म्हणजे प्रत्येक उपकरण गॅसवर चालवून बघायचं. फ्रीज तासभर विजेवरून गॅसवर टाका, गीझर पेटवा, फर्नेस रात्रभर चालू द्या. फर्नेस सलग चालली तर २० पौंडाच्या सिलिंडरमधले ४.७ गॅलन साधारण १४ तासांत संपवते: गॅलनला ९१,५०० बीटीयू, एकूण ४,३०,०००, भागिले ३०,०००. प्रत्यक्षात ती चालू-बंद होते, म्हणून दोन-तीन रात्री निघतात. शेगडीची ज्योत निळी आणि टोकदार हवी. पिवळी, लवलवती असेल तर हवा कमी पडते आहे. हे आत्ताच कळलं तर वर्कशॉपला दाखवायला सहा महिने असतात. एप्रिलमध्ये कळलं तर रांगेत उभं राहावं लागतं, कारण तेव्हा सगळ्यांनाच कळलेलं असतं.

१९ ऑक्टोबर. सिलिंडर काढून वजन केलं. कॉलरवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या कड्यावर, टीडब्ल्यू अक्षरांपुढे रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, २० पौंडीचं साधारण १७ ते १८ पौंड. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर सिलिंडर ठेवा, टीडब्ल्यू वजा करा, उरलेल्याला ४.२ ने भागा, गॅलन मिळतात. माझ्या एका सिलिंडरचं वजन २६.५ भरलं, टीडब्ल्यू १७, म्हणजे साडेनऊ पौंड, सव्वादोन गॅलन. काटा नसेल तर तांब्याभर गरम पाणी सिलिंडरच्या एका बाजूने सोडा आणि हात वरून खाली फिरवा. जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथपर्यंत द्रव आहे. सिलिंडर संपत आलाय का हे घरी ओल्या फडक्याने बघायचे, त्यातलाच हा प्रकार.

मग गॅस भरायला गेलो आणि एक सिलिंडर परत आला. कॉलरवर ०९-१२ कोरलेलं होतं, म्हणजे सप्टेंबर २०१२. अमेरिकेत हे सिलिंडर बनवल्या तारखेपासून १२ वर्षं भरता येतात, नंतर फेरतपासणी करून शिक्का लागतो. कॅनडात ही मुदत १० वर्षांची आहे. विंडसरला किंवा टोरांटोकडे जाऊन भरून आणायचा बेत असेल तर हे लक्षात ठेवा. आपल्याकडच्या सिलिंडरवर बी-२६ अशी पुढच्या तपासणीची तिमाही लिहिलेली असते. इथे उलट, जन्मतारीख असते आणि हिशेब आपण करायचा. माझा सिलिंडर महिन्याभरानेच बाद झाला होता. भरणाऱ्या माणसाने नकार दिला तो बरोबरच होता. मुदत संपलेला सिलिंडर भरणं त्याच्यासाठी बेकायदा आहे, त्याच्याशी वाद घालू नये.

इथे तीन वाटा असतात. एक, प्रोपेन विकणाऱ्या डीलरकडून बाहेरून तपासणी करून घ्यायची. पास झाला तर तारखेपुढे ई अक्षराचा शिक्का येतो आणि सिलिंडर ५ वर्षं चालतो. दोन, नवा घ्यायचा. तीन, दुकानाबाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यातून जुना देऊन भरलेला घ्यायचा. माझ्या सिलिंडरच्या खालच्या कड्याला गंज चढला होता आणि तो खवल्यांसारखा सुटत होता, तपासणीत पास होण्याची आशा नव्हती. म्हणून बदलून घेतला, २४ डॉलर लागले. बदलून घेताना दोन गोष्टी. पिंजऱ्यातल्या सिलिंडरची तारीख स्वतः वाचा, संपत आलेली असेल तर दुसरा मागा. आणि त्यात बहुतेक वेळा २० नव्हे तर १५ पौंड गॅस असतो, तसं लेबलवर लिहिलेलंही असतं. घरी वजन केलं तर बरोबर १५ भरला. पौंडाच्या हिशेबाने हा गॅस महाग पडतो, पण मुदत संपलेल्या सिलिंडरची विल्हेवाट परस्पर लागते. एरवी त्यासाठी काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवसाची वाट बघावी लागली असती.

दुसऱ्या सिलिंडरवर ०४-१४ होतं, तो भरून मिळाला. साडेनऊ पौंड आधीच आत होते, अडीच गॅलनच्या आसपास गॅस बसला आणि साडेनऊ डॉलर झाले. भरताना तिथे उभं राहून एक पाहा: व्हॉल्व्हच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, भरणाऱ्याने तो थोडा सैल करायला हवा. ८० टक्के भरला की तिथून पांढरी फवार येते आणि तो पंप थांबवतो. तिकोनी चाकीच्या व्हॉल्व्हमध्ये जास्त भरणं रोखणारा फ्लोट असतो, २००२ पासून तो सक्तीचा आहे, पण एकट्या फ्लोटच्या भरवशावर भरू नये. तो अडकू शकतो. वरची २० टक्के जागा शोभेची नाही. प्रोपेनचा द्रव दर १० अंश फॅरनहाइटला सुमारे दीड टक्का फुगतो. ऑक्टोबरच्या गार सकाळी काठोकाठ भरलेला सिलिंडर मे महिन्यात उन्हात तापला तर दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडेल आणि गॅस बाहेर येईल.

हिवाळ्यात भरून ठेवावा की रिकामा, यावर इथे दोन मतं ऐकू येतात. माझं मत असं की त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो व्हॉल्व्ह बंद आहे की उघडा याने. रिकामा सिलिंडर उघडा राहिला तर थंड-गरम होताना तो बाहेरची दमट हवा आत ओढतो. आत गंज चढतो, गंजामुळे गॅसचा वास मंदावतो, म्हणजे गळती झाली तरी नाकाला कळत नाही. आणि तेच पाणी पुढच्या हिवाळ्यात रेग्युलेटरच्या बारीक छिद्रात गोठून गॅस अडवतं. असा सिलिंडर भरण्याआधी डीलरकडून आतली हवा काढून घ्यावी लागते. म्हणून भरलेला असो वा रिकामा, चाकी बंद.

२६ ऑक्टोबर. मुख्य काम या दिवशी झालं, सकाळी नऊ ते दुपारी दोन. क्रम महत्त्वाचा आहे आणि गळतीची तपासणी सगळ्यात आधी, कारण ती गॅस चालू असतानाच करता येते.

भांडी घासायच्या साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीत घेतलं. अमोनिया किंवा ब्लीच असलेला साबण वापरू नका. अमोनियाने पितळेला चिरा पडतात आणि ब्लीच धातू खातं. सगळी उपकरणं बंद, दोन्ही सिलिंडर उघडे, आणि प्रत्येक जोडावर फवारा: सिलिंडरचा व्हॉल्व्ह, नळीची दोन्ही टोकं, रेग्युलेटर, ट्रेलरखालून जाणाऱ्या पाइपाचे जोड, शेगडीमागचा जोड. बुडबुडे फुगत गेले तर गळती. काडेपेटी किंवा लायटर यापासून लांब, हे सांगायची गरज नसावी, तरीही सांगतो.

डाव्या नळीवर, रेग्युलेटरपासून बोटभर अंतरावर, बारीक फेस धरत होता. नळी वाकवून पाहिली तर रबरावर केसासारख्या चिरा दिसल्या. दोन्ही नळ्या एकाच वयाच्या, म्हणून दोन्ही बदलल्या. १५ इंची, एका टोकाला सिलिंडरवर बसणारी मोठी प्लॅस्टिकची चाकी, दुसऱ्या टोकाला पाव इंची इन्व्हर्टेड फ्लेअर, म्हणजे शंकूच्या आकाराचा धातूचा जोड. दोन्ही मिळून ३१ डॉलर. इथे बऱ्याच जणांची चूक होते ती सांगतो. फ्लेअरच्या जोडाला पांढरी टेप किंवा पेस्ट लावायची नाही. तिथे गॅस अडवते ती धातूच्या शंकूची धातूवर बसलेली कड, आटे नव्हेत. टेप लावली की कड नीट बसत नाही आणि टेपचा तुकडा सुटला तर थेट रेग्युलेटरमध्ये जातो. हा जोड पान्याने घट्ट करायचा, पण दुसऱ्या पान्याने रेग्युलेटर धरून. उलट सिलिंडरकडची प्लॅस्टिकची चाकी फक्त हाताने घट्ट करायची, पाना लावायचा नाही. जुन्या पितळी जोडाच्या नळ्या असतील तर त्यांचे आटे उलटे असतात, त्या डावीकडे फिरवल्या की घट्ट होतात.

साबणाने जी गळती दिसत नाही तिच्यासाठी एक साधी परीक्षा: सगळं बंद ठेवून सिलिंडर उघडा, खूण हिरवी झाली की सिलिंडर बंद करा आणि अर्धा तास थांबा. कुठेही गळत नसेल तर दाब अडकून राहतो आणि खूण हिरवीच राहते. लाल झाली तर कुठेतरी जातोय. ही परीक्षा ढोबळ आहे. खरी मोजणी दाब मोजणाऱ्या, पाण्याच्या नळीच्या मॅनोमीटरने होते, रेग्युलेटरनंतरचा दाब ११ इंच पाण्याइतका हवा आणि सगळं बंद असताना तो उतरता कामा नये. ती मी दर वसंतात तंत्रज्ञाकडून करून घेतो.

यानंतर पाण्याचं काम. ते या लेखाचा विषय नाही, पण गीझरचा प्रोपेनशी संबंध आहे म्हणून तेवढं: आदल्या रात्रीपासून गीझरची वीज आणि गॅस दोन्ही बंद ठेवा, पाणी गार होऊ द्या, गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा आणि मगच खालचा बूच काढा. दाबाखालच्या गरम पाण्याचा बूच काढला तर हात भाजतो. गीझर रिकामा झाल्यावर त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. वसंतात रिकामा गीझर पेटवला तर टाकी जळते.

आता गॅस बंद करायचा. आधी फ्रीज, फर्नेसचा थर्मोस्टॅट आणि गीझर बटणावरून बंद, नाहीतर गॅस संपल्यावर ही उपकरणं ठिणग्या टाकत राहतात, तीन प्रयत्नांनंतर लॉक होतात आणि वसंतात आपण बिघाड समजतो. छतावरची खिडकी उघडी ठेवली. दोन्ही सिलिंडरच्या चाक्या बंद केल्या आणि शेगडीचा एक बर्नर पेटवला. ज्योत थोड्याच वेळात बसत जाते आणि विझते. ती विझताक्षणी शेगडीचं बटण बंद. मग रेग्युलेटरचा खटका दुसऱ्या बाजूला फिरवून पुन्हा एकदा पेटवलं, म्हणजे दुसऱ्या नळीतलाही गॅस जळून जातो. ही दुसरी फेरी अनेकजण विसरतात आणि नळी सोडताना हातावर गॅसचा झोत येतो. द्रव असेल तर त्वचा गारठून जखम होते. हातमोजे घालाच.

नळ्या सोडल्या आणि टोकांवर प्लॅस्टिकची टोपणं बसवली. टोपणं नसतील तर छोटी पिशवी घालून घट्ट बांधा. गॅसला वास यावा म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळलेलं असतं आणि त्या वासाकडे कोळी आणि कुंभारमाश्या ओढल्या जातात, असं इथले तंत्रज्ञ सांगतात. उघड्या नळीत कोळी शिरला तर त्याचं जाळं रेग्युलेटरपर्यंत जातं. रेग्युलेटरच्या पोटाला एक श्वासाचं छिद्र असतं, ते खाली तोंड करून असायला हवं. त्यावर टेप लावू नका. प्लॅस्टिकचं झाकण वर बसवा म्हणजे बर्फ आणि पाऊस तिथे साचणार नाही.

शेवटी बॅटरी. बिछान्याखाली, जमिनीजवळ, गॅसचा डिटेक्टर असतो. जमिनीजवळ का, तर प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो आणि खाली साचतो. हा डिटेक्टर सतत थोडी वीज खातो, माझा सुमारे ०.१ अँपिअर. दिवसाला २.४ अँपिअर-तास, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी सहा आठवड्यांत रिकामी. रिकामी झालेली लेड-ॲसिड बॅटरी २० फॅरनहाइटच्या आसपास गोठते आणि फुटते. पुष्कळ ट्रेलरमध्ये हा डिटेक्टर विजेच्या मुख्य खटक्याच्या आधी जोडलेला असतो, त्यामुळे खटका बंद केला तरी तो चालूच राहतो. म्हणून बॅटरीच काढून घरी आणली. सिलिंडर जागेवर नाहीत आणि नळ्यांत गॅस नाही, तेव्हा डिटेक्टर बंद राहिला तरी चालतं. सिलिंडर जोडलेले आणि उघडे असतील तर कधीही बंद ठेवू नका.

२ नोव्हेंबर, पाडवा. ट्रेलर स्टोरेजच्या आवारात नेला. आमच्या वसाहतीच्या नियमांप्रमाणे घरासमोर ट्रेलर ठेवता येत नाही. करारात नोव्हेंबर ते एप्रिल अशा सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, नोंदणी आणि विम्याची प्रत, आणि एक पूर्ण परिच्छेद प्रोपेनवर होता. उघड्या आवारात सिलिंडर ट्रेलरवर राहू शकतात, पण व्हॉल्व्ह बंद हवा. छपराखालच्या जागेत सिलिंडर अजिबात नाहीत. ही अट वाचून घ्या. मी चौकशी केलेल्या एका ठिकाणी फोनवर सांगितलं की चालतील, आणि करारात लिहिलं होतं की चालणार नाहीत. शेवटी करार धरला जातो, म्हणून तिथे घेतलं नाही.

मी सिलिंडर घरी आणले, चोरीच्या भीतीने आणि गंजाच्याही. गाडीत आणताना उभे, प्लॅस्टिकच्या दूध-क्रेटमध्ये घट्ट बसवलेले, व्हॉल्व्हला टोपण, खिडकी खाली. वाटेत किराणा वगैरे नाही, सरळ घर. आडवा सिलिंडर धोक्याचा, कारण दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हसमोर तेव्हा वाफेऐवजी द्रव येतो, आणि प्रोपेनच्या एका लिटर द्रवाची सुमारे २७० लिटर वाफ होते.

घरी ठेवायचे कुठे? घराबाहेर. गॅरेजमध्ये नाही, तळघरात नाही, घराला जोडलेल्या बंद पडवीतही नाही. इथल्या घरांचा हीटर आणि गीझर तळघरात असतो, तिथे ज्योत असते, आणि गळलेला प्रोपेन पाण्यासारखा उतार शोधत खाली तिथेच जातो. हवेत तो दोन ते साडेनऊ टक्के झाला की पेट घेतो. मागच्या अंगणात, कुंपणाला लागून, सिमेंटच्या दोन लाद्यांवर सिलिंडर उभे ठेवले. घरापासून, तळघराच्या खिडकीच्या खड्ड्यापासून आणि एसीच्या यंत्रापासून दहा फुटांहून जास्त लांब. लादी अशासाठी की ओल्या मातीत खालचं कडं गंजतं. सैलसर साखळी बांधली म्हणजे वाऱ्याने पडत नाहीत. वर काही झाकलं नाही, हवा खेळती राहिली पाहिजे. बर्फात ते अर्धे बुडाले तरी काही होत नाही.

शिबिरातल्या शेगडीच्या एक पौंडी हिरव्या बाटल्यांनाही हेच लागू. अर्धवट वापरलेल्या दोन होत्या, त्याही बाहेर. त्या पुन्हा भरू नयेत, त्यांचा व्हॉल्व्ह त्यासाठी बनवलेला नसतो.

हिवाळ्यात एकदाच, संक्रांतीनंतरच्या शनिवारी, आवारात जाऊन आलो. छतावरचा बर्फ आणि रेग्युलेटरचं झाकण पाहिलं, एवढंच. घरच्या सिलिंडरपाशी महिन्यातून एकदा वाकून वास घ्यायचो.

१९ एप्रिल २०२५. गुढीपाडव्यालाच उघडायचा मोह होता, पण मार्चअखेर इथे रात्री पाणी गोठतं. सिलिंडर लावण्याआधी बर्नर पाहिले. फ्रीजच्या मागचं बाहेरचं झाकण काढलं तर बर्नरच्या नळीच्या तोंडाशी पांढरं जाळं होतंच. मऊ ब्रश आणि दाबाच्या हवेने निघालं. आतल्या पितळी छिद्रात तार किंवा सुई घालू नका. छिद्र जरासं मोठं झालं तरी ज्योत कायमची बिघडते. फर्नेसच्या आणि गीझरच्या बाहेरच्या जाळ्या टॉर्चने पाहा, मातीचं घरटं असेल तर पूर्ण काढा. हवेची किंवा धुराची वाट अडली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो.

नळ्यांची टोपणं काढून सिलिंडरच्या तोंडातलं काळं रबर पाहिलं, चिरलेलं नव्हतं. चाकी हाताने घट्ट केली आणि व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडला. झटक्यात उघडला तर आतली सुरक्षा यंत्रणा नळी तुटली असं समजून गॅस जवळजवळ बंद करते. मग शेगडी मंद जळते आणि फर्नेस पेटतच नाही. पुष्कळ लोक इथे नवा रेग्युलेटर विकत घेतात. तसं झालं तर सगळी उपकरणं बंद करा, व्हॉल्व्ह बंद करा, जोड सोडून पुन्हा लावा, एक मिनिट थांबा आणि हळू उघडा.

पुन्हा साबणाचं पाणी, सगळे जोड. मग खिडक्या उघड्या ठेवून आधी शेगडी, कारण पाइपात सहा महिन्यांची हवा असते आणि ती शेगडीतून सर्वांत सहज निघते. लायटर जवळ धरून दीडएक मिनिटात ज्योत धरली. नंतर फ्रीज, तो दुसऱ्या प्रयत्नात पेटला. फर्नेसला पहिल्यांदा धुळीचा जळका वास येतो, दहा मिनिटांत जातो. गीझर सगळ्यात शेवटी, टाकी भरून गरम नळातून पाण्याची अखंड धार आल्यावरच. मग चिकटपट्टी काढली.

बॅटरी लावल्यावर डिटेक्टर चालू झाला, बटण दाबलं तर वाजलाही. पण बटणाने फक्त आतलं सर्किट तपासलं जातं, गॅस ओळखणारा भाग नाही. त्याची मुदत मागच्या बाजूला छापलेली असते. तो काढून उलटा केला तर २०१९ सालचा निघाला, त्यावर पाच वर्षं लिहिलेली. नवा ७२ डॉलरला पडला, दोन तारा आणि चार स्क्रू, वीस मिनिटांचं काम. मॅनोमीटरची तपासणी ३ मे रोजी झाली, ११ इंच, काटा हलला नाही. त्याचे ९० डॉलर.

०४-१४ चा सिलिंडर एप्रिल २०२६ पर्यंत भरता येईल. त्याचं कडं अजून स्वच्छ आहे, म्हणून तो बदलून न घेता मार्चमध्ये ई शिक्क्यासाठी डीलरकडे नेणार आहे.